पटावरचं अकरावं नाव

बर्मिंगहॅमच्या दक्षिण भागात, टायर बदलून देणाऱ्या एका गॅरेजच्या मागे आमची शाळा आहे. पाटी लहान आहे आणि बस स्टॉपवरून दिसत नाही. मुलांना ते सोयीचं वाटतं. इथे येणारं प्रत्येक मूल आधी दुसऱ्या कुठल्या तरी मोठ्या शाळेत होतं आणि तिथे टिकलं नाही. कुणी शिक्षकाला ढकललेलं असतं, कुणी दोन वर्षं वर्गात पाऊलच टाकलेलं नसतं, कुणाच्या घरी आजारपण असतं. सरकारी कागदावर अशा शाळेला 'ऑल्टरनेटिव्ह प्रोव्हिजन' म्हणतात. मुलं नुसतं 'युनिट' म्हणतात.

या शाळेत मी चौदा वर्षं परीक्षा अधिकारी होते. ऑगस्टअखेर निवृत्त झाले. त्याआधी पुण्यात एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर अकरा वर्षं उपसंपादक होते. इथल्या मुलाखतीत आमचा हेड ग्लेन यानं माझा अर्ज उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "पेपरात डेडलाइन चुकली तर काय व्हायचं?" मी सांगितलं की तसं कधी झालं नाही, कारण पान कोरं सोडता येत नाही. त्यानं दुसरा प्रश्न विचारला नाही. आता कळतं की त्याला कुणीतरी लगेच हवं होतं, आणि दुसरा उमेदवार आलाच नव्हता.

परीक्षा अधिकारी हे पद महाराष्ट्रातल्या शाळांत वेगळं नसतं, म्हणून थोडं सांगते. सोळाव्या वर्षी इथली मुलं जीसीएसईची परीक्षा देतात. एक ते नऊ ग्रेड. चार म्हणजे पास. इंग्रजी आणि गणित या दोन्हींत चार असेल तर पुढची बहुतेक दारं उघडतात. नसेल तर पुन्हा बसावं लागतं. परीक्षा अधिकाऱ्यानं नावं बोर्डाला कळवायची, प्रश्नपत्रिका तिजोरीत ठेवायच्या, भिंतीवरचं घड्याळ बरोबर आहे ना पाहायचं आणि प्रत्येक पेपराआधी नियम मोठ्यानं वाचून दाखवायचे. मोठ्या शाळेत दोनशे मुलं एका हॉलमध्ये बसतात. आमच्याकडे दहा मुलांना सात खोल्या लागत. एकाला दुसऱ्या माणसाचं तोंड दिसलेलं चालत नसे. एकीला प्रश्न मोठ्यानं वाचल्याशिवाय कळत नसे. एका वर्षी एक मुलगा खोलीत बसेना म्हणून केअरटेकरच्या सामानाच्या खोलीत, झाडू आणि बादल्यांच्या मधे, दार उघडं ठेवून त्यानं विज्ञानाचा पेपर दिला. त्या खोलीचा आराखडा मी नियमाप्रमाणे बोर्डाला पाठवला होता. बोर्डानं काही विचारलं नाही.

परीक्षेच्या सकाळी ग्लेन स्वतः मिनीबस काढत असे. साडेसातला निघून एकेका घरासमोर उभा राही. साडेआठला स्वयंपाकघरात टोस्ट तयार असे. टोस्ट खाल्लेलं मूल सहसा पेपर सोडून पळत नाही, हे आमचं निरीक्षण होतं. त्याला कुठल्या अभ्यासाचा आधार नाही.

आता आकड्यांबद्दल. मोठ्या शाळांचे निकाल सरकारी संकेतस्थळावर तक्त्यात जाहीर होतात आणि आईवडील ते तक्ते पाहून घर कुठे घ्यायचं ते ठरवतात. आमचे निकाल कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, वार्षिक बैठकीत आणि शाळा तपासणाऱ्यांच्या फाइलमध्ये जातात. मोजण्याची पद्धत अशी की प्रत्येक मुलासाठी आठ विषयांच्या जागा धरतात. न भरलेली जागा शून्य. आमची मुलं पाच विषय देतात. म्हणजे सगळे विषय उत्तम सुटले तरी तीन शून्यं कागदावर आधीच उभी असतात. मी हे दर वर्षी कौन्सिलच्या बैठकीत समजावून सांगत असे. दर वर्षी समोर नवा अधिकारी असे.

कुठलं मूल कुणाच्या आकड्यात धरायचं, यालाही नियम आहे. आमची बरीच मुलं दोन पटांवर असतात: मूळ शाळेच्या आणि आमच्या. अकरावीच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या जानेवारीत सरकारी गणना होते. त्या दिवशी मूल मूळ शाळेच्या पटावर असेल तर त्याचा निकाल त्या शाळेचा. नसेल तर आमचा. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात माझा फोन जास्त वाजत असे.

माझ्या शेवटच्या वर्षी नोव्हेंबरात नीरजचा फोन आला. नीरज इथेच जन्मलेला, तिशीतला. त्याच्या आईवडिलांना मी इथल्या महाराष्ट्र मंडळातून ओळखते. तो एका मोठ्या शाळेत डेटा मॅनेजर आहे. माझ्याच कामाची मोठी आवृत्ती. त्याचं मराठी घरात ऐकून आलेलं आहे.

"वसुधामावशी, बिझी आहात का? एक ऑकवर्ड गोष्ट आहे."

"बोल."

"टेगन आमच्याकडे आणि तुमच्याकडे, दोन्हीकडे रजिस्टर आहे. आमचे हेड म्हणतात ते सिंगल करूया. फक्त तुमच्याकडे. तिची मम साइन करायला ओके आहे."

"आईला काय कारण सांगितलंत?"

"की पेपरवर्क सोपं होईल."

"आणि खरं कारण?"

"मावशी, तुम्हाला माहीत आहे. जानेवारी सेन्सस. ती मुलगी आमचा अ‍ॅव्हरेज खाली आणतो. आणि ते स्प्रेडशीट मीच बनवतो, म्हणून माझी पण प्रॉब्लेम आहे."

"तुझ्या हेडनं मला का नाही फोन केला?"

"कारण त्यांना माहीत आहे की तुम्ही मला ओरडणार नाही."

मी ओरडले नाही. विचारून सांगते म्हटलं.

टेगन तेव्हा पंधरा वर्षांची होती. लहानखुरी, केस घट्ट बांधलेले. मूळ शाळेत तिनं आगीच्या वेळी आपोआप बंद होणाऱ्या दाराचं यंत्र एका नाण्यानं उघडून सुटं केलं होतं, ते आतून कसं चालतं ते बघायला. एकदा समज दिली. दुसऱ्यांदा तिनं ते केलं तेव्हा अलार्म वाजला आणि हजारभर मुलं मैदानात उभी राहिली. त्या दिवशी त्या शाळेत सराव परीक्षा होती. त्याखेरीज वर्गातून उठून जाणं हे रोजचं होतं. गणित चांगलं. इंग्रजीत बोलायला पुढे, लिहायला मागे. तिचं अक्षर दुसऱ्या दिवशी तिला स्वतःलाही वाचता येत नसे. तपासणी करून तिला परीक्षेत लेखनिक मंजूर झाला होता. तिनं बोलायचं, दुसऱ्यानं लिहायचं.

ग्लेननं मला सांगितलं, आकड्यावर काय परिणाम होईल ते एका कागदावर लिहून दे. मी एक पान लिहिलं. त्या वर्षी आमच्या एकट्याच्या पटावर शेवटच्या वर्षाची दहा मुलं होती. दोन्ही विषयांत पास होतील अशी दोघांची आशा होती. टेगन आली तर दहात दोनचे अकरात दोन होतील. तपासणी याच वर्षी अपेक्षित. कौन्सिल मुलं पाठवणं कमी करण्याची शक्यता. शेवटी एक ओळ: 'एकट्या पटावर प्रवेश देऊ नये, अशी शिफारस आहे.' खाली सही आणि तारीख. पान नीट होतं. मला त्याचा अभिमान वाटला होता, हेही नोंदवलं पाहिजे.

ग्लेन पान घेऊन माझ्या खोलीत आला. तो बर्मिंगहॅमलगतच्या ब्लॅक कंट्री या जुन्या कारखान्यांच्या पट्ट्यातला, आधी वेल्डर, मग शिक्षक. सगळ्यांना 'बॅब' म्हणतो. त्या भागात ते आपल्याकडच्या 'बाळा'सारखं वापरतात, वयाचा संबंध नाही.

"हे बरोबर आहे?"

"तीनदा तपासलंय."

"मग बरोबरच असणार. घे तिला, बॅब."

"मग मला हे सगळं लिहायला कशाला लावलंस?"

"काय उचलतोय ते उचलण्याआधी माहीत असलेलं बरं," तो म्हणाला आणि पान फाइलला लावायला माझ्याच हातात दिलं.

टेगनच्या आईला खरं कारण ग्लेननं सांगितलं. ती घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते; दोन घरांच्या मधल्या वेळात बस स्टॉपवरून बोलली. "तिकडे ती आली नाही तर कुणी शोधतं का?" ती म्हणाली. "तुमची बस निदान दारात येते." टेगनला मी सांगितलं. मूळ शाळेत शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी एक हूडी छापतात. पाठीवर त्या तुकडीतल्या सगळ्यांची नावं असतात. पटावरून नाव गेलं की तिथूनही जातं.

"नको मला," टेगन म्हणाली. "तो रंग घाण आहे, मिस."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी ग्लेन तिला घेऊन आला आणि कुणी काही विचारलं नाही.

फेब्रुवारीत सराव परीक्षेचे निकाल लागले. टेगनला गणितात सहा आणि इंग्रजीत तीन मिळाले. ही गोष्ट नीरजच्या शाळेपर्यंत कशी पोचली ते मला माहीत नाही.

"मावशी, एक सिली प्रश्न विचारू?"

"परत दोन पटांवर करायचंय?"

"हेड विचारतात, अजून होतो का."

"जानेवारी गेला, नीरज."

"मी तेच सांगितलं त्यांना," तो म्हणाला. मग, "ती बरी आहे ना? त्या दिवशी डिलीट बटण मीच दाबला होता, म्हणून विचारतो."

याच सुमारास टेगनच्या आयुष्यात एक ठोस गोष्ट आली. शहराबाहेरच्या ट्रेन दुरुस्तीच्या डेपोत अप्रेंटिसच्या काही जागा निघाल्या होत्या. ग्लेननं तिला बघायला नेलं. ट्रेनच्या दाराचं यंत्र उघडून दाखवणाऱ्या माणसाला तिनं इतके प्रश्न विचारले की तो शेवटी म्हणाला, तूच सांग आता. मुलाखत झाली, जागा मिळाली, पण अट होती: गणित चार, इंग्रजी चार. निकालाचा कागद निकालाच्याच दिवशी दुपारी बारापर्यंत डेपोत दाखवायचा. नाहीतर राखीव यादीतलं पुढचं नाव. गणिताची काळजी नव्हती. इंग्रजीला एक ग्रेड कमी पडत होता.

तपासणी मार्चमध्ये झाली. पूर्वी तपासनीस सगळ्या शाळेचा निकाल एका शब्दात देत. आता वेगवेगळ्या बाबींच्या रंगीत पट्ट्या असलेलं प्रगतिपुस्तक देतात. दोघे जण दोन दिवस होते. त्यांतल्या मुख्य तपासनीस बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी माझी यादी समोर ठेवून एका नावावर पेन्सिल टेकवली.

"ही मुलगी डिसेंबरात दोन पटांवरून एका पटावर आली. गणनेच्या आधी. का?"

प्रश्नामागचा संशय स्पष्ट होता. मूळ शाळेला नको असलेलं मूल आम्ही संगनमतानं बाजूला घेतलं का, असा. ग्लेननं फाइल उघडली आणि माझं ते पान काढून त्यांच्यासमोर ठेवलं. तो ते दाखवणार आहे याची मला कल्पना नव्हती. बाईंनी सावकाश वाचलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"तुमची शिफारस मानली गेली नाही."

"नाही."

"त्याबद्दल आज काय वाटतं?"

अकरा वर्षं दुसऱ्यांच्या उत्तरांतलं पाल्हाळ कापल्यामुळे स्वतःचं उत्तर लहान ठेवायची सवय आहे. "आकडे बरोबर होते," मी म्हटलं. "शिफारस चुकीची होती."

अहवालात निकालांची पट्टी नारिंगी आली, म्हणजे लक्ष देण्याची गरज. मुलांना सामावून घेण्याची पट्टी हिरवी आली आणि तिच्याखाली एक वाक्य होतं: मूल घेताना ही शाळा स्वतःच्या आकड्याकडे पाहत नाही. त्या वाक्याचा पुरावा म्हणजे मी लिहिलेलं पान होतं, जे नेमकं उलट सांगत होतं.

जूनमध्ये इंग्रजीचा पहिला पेपर होता. टेगनची नेहमीची लेखनिक मॉरीन ही निवृत्त ग्रंथपाल. तिचा सकाळी सातला फोन आला, ताप आहे म्हणून. लेखनिकाचं प्रशिक्षण घेतलेली दुसरी व्यक्ती शाळेत एकच होती. मी.

लेखनिकाचा नियम साधा आहे. उमेदवार जे बोलेल ते आणि तेवढंच लिहायचं. सुचवायचं नाही, सुधारायचं नाही. विरामचिन्हंही उमेदवारानं सांगायची. त्यामुळे खोलीत एक वेगळीच भाषा ऐकू येते. टेगन खिडकीकडे बघत, एका लयीत बोलत होती. शेवटचा मोठा प्रश्न वर्णनाचा होता, आणि तिनं मूळ शाळेच्या रिसेप्शनमधला एक दिवस निवडला होता. अलार्म प्रकरणाचा दिवस. आई न्यायला येईपर्यंत बसवून ठेवलं होतं तो.

"बाई म्हणाल्या आई येतेय, फुल स्टॉप. मी वाट पाहिली, फुल स्टॉप. मी वाट पाहिली, फुल स्टॉप. मी वाट पाहिली, फुल स्टॉप. मग दिवे आपोआप बंद झाले, कॉमा, कारण खोलीत काहीच हलत नव्हतं, फुल स्टॉप."

मी लिहिलं: बाई म्हणाल्या आई येतेय. मी वाट पाहिली. मग दिवे आपोआप बंद झाले, कारण खोलीत काहीच हलत नव्हतं.

मुद्दाम केलं नाही. डेस्कवर आलेल्या मजकुरात एकच वाक्य पुन्हा आलं की पेन आपोआप पुढे जायचं. वार्ताहराचा मजकूर एक तृतीयांश करून पानात बसवणं हेच माझं कौशल्य होतं. चौदा वर्षं ते झोपलेलं होतं, असं मला वाटत होतं.

शेवटची पंधरा मिनिटं राहिली तेव्हा टेगन म्हणाली, "वाचून दाखवा, मिस." याला परवानगी असते. मी वाचलं. तिनं मान वळवली.

"तीनदा म्हणाले मी."

"काय?"

"मी वाट पाहिली. तीनदा. तुम्ही एकदाच लिहिलंय."

मी ओळीच्या वर बाण काढून राहिलेली दोन वाक्यं लिहिली. पुन्हा वाचून दाखवलं. तिनं मान डोलावली आणि पुढचं वाक्य सांगितलं. ती रागावली नव्हती. बस ड्रायव्हर स्टॉपच्या पुढे गेला तर सांगावं, तसं तिनं सांगितलं होतं.

पेपर संपल्यावर लेखनिकानं एका कागदावर सही करायची असते: उमेदवारानं सांगितलं तेच मी लिहिलं. मी पेन हातात घेऊन ते वाक्य वाचलं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. उत्तरपत्रिकेत आता तिचे सगळे शब्द होते. मी सही न करता कागद घेऊन ग्लेनकडे गेले.

सगळं ऐकून तो म्हणाला, "शेवटी कागदावर आहे ते तिचंच ना?"

"शेवटी हो. मधे नाही. तिनं वाचायला सांगितलं नसतं तर तसंच गेलं असतं."

"बोर्डाला कळवलं तर काय होतं?"

"बहुतेक काही नाही. वाईटात वाईट, पेपर रद्द. मग डेपो गेला."

"आणि नाही कळवलं तर?"

"तर मी या कागदावर सही करणार, आणि पुढच्या पेपराला मुलांसमोर उभी राहून नियम वाचणार."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "कळव. पण आधी तिला सांग, बॅब. तूच सांग."

टेगन स्वयंपाकघरात टोस्ट खात होती. मी सांगितलं. तिनं टोस्ट खाली ठेवला.

"पण मी पकडलं ना, मिस. झालं ना बरोबर."

"तू पकडलंस हेही लिहिणार आहे."

"आणि त्यांनी पेपर कॅन्सल केला तर?"

"तसं होऊ शकतं. मला वाटतं होणार नाही. पण होऊ शकतं."

"माझं सगळं जाईल. तुमचं काय जाईल?"

"फारसं नाही," मी म्हटलं, कारण ते खरं होतं.

ती उठली आणि जाताना दार जोरात आपटायला गेली. पण त्या दारालाही आपोआप बंद होण्याचं यंत्र होतं. ते सावकाश, आवाज न करता मिटलं. बाहेरून तिची एक शिवी ऐकू आली, यंत्राला की मला ते कळलं नाही.

दुसरा पेपर चार दिवसांनी होता. त्या सकाळी मिनीबस येईपर्यंत मी गेटपाशी उभी होते. बस आली तेव्हा टेगन तिसऱ्या सीटवर होती. माझ्याकडे न बघता आत गेली. मॉरीन बरी होऊन आली होती. पेपरानंतर ती म्हणाली, "तिनं प्रत्येक परिच्छेद वाचून दाखवायला लावला. मला वाटलं माझ्यावर विश्वास नाही." मी म्हटलं, तुझ्यावर आहे.

जुलैत बोर्डाचं पत्र आलं. चूक वेळेत आणि उमेदवाराच्या सांगण्यावरून दुरुस्त झाल्यानं पेपर ग्राह्य धरला होता. लेखनिकाला लेखी ताकीद, एक वर्ष ते काम करायची मनाई, आणि प्रशिक्षण पुन्हा घेऊन शेवटी परीक्षा. ऑगस्टअखेर निवृत्त होणाऱ्या माणसाला ही शिक्षा हलकीच होती. ग्लेननं टेगनला फोन करून पेपर शाबूत असल्याचं आणि मलाही परीक्षा द्यावी लागणार असल्याचं कळवलं. ती 'बरं' म्हणाली, असं त्यानं मला सांगितलं.

निकाल जाहीर होतो गुरुवारी सकाळी. परीक्षा अधिकाऱ्याला तो बुधवारीच मिळतो. वर्तमानपत्रात काही बातम्या ठरलेल्या वेळेपर्यंत दाबून ठेवाव्या लागत, त्यामुळे मला हे अवघड नसे. त्या बुधवारी मी आधी अकरा जणांचा आकडा काढला आणि मग एकेक नाव पाहिलं. सवय अशी होती. अकरात दोन. ज्या दोघांवर भिस्त होती त्यांतला एक जण गणिताच्या शेवटच्या पेपराला आला नव्हता. ग्लेन त्याच्या दाराशी चाळीस मिनिटं थांबून परत आला होता. दुसरा पास. आणि टेगन: गणित सहा, इंग्रजी चार.

म्हणजे माझ्या पानावरचा आकडा तंतोतंत खरा ठरला. ती नसती तर दहात एक झालं असतं.

सप्टेंबरात तिच्या परवानगीनं ग्लेनकरवी ती उत्तरपत्रिका मागवून पाहिली. ती तीन वाक्यं जिथे आहेत तिथे परीक्षकाची खूण नाही. खूण त्याच्या खालच्या ओळीवर आहे, दिवे बंद होतात तिथे. मी कापलेली दोन वाक्यं परत आली नसती तरी चार आला असता की नाही, ते मला सांगता येत नाही. मी बऱ्याचदा वाचून पाहिलं. तीनदा जास्त चांगलं वाटतं, एवढं सांगता येतं.

गुरुवारी साडेदहापर्यंत सात मुलं पाकिटं घेऊन गेली. टेगन आली नाही. फोन बंद होता. आई कामावर. अकराला ग्लेननं बसची किल्ली उचलली आणि मला म्हणाला, "तू पण चल."

फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. बेल वाजवली, आत टीव्हीचा आवाज बंद झाला. ग्लेन गुडघ्यावर बसला आणि पत्रं टाकायची झडप उचलून आत बोलू लागला.

"टेगन, ग्लेन आहे. वसुधा मिस पण आलीय."

"तिला जायला सांगा."

आम्ही थांबलो. खालच्या मजल्यावर कुणीतरी व्हॅक्यूम क्लीनर लावला होता.

"मिस," आतून आवाज आला. "तुम्हाला कालपासून माहितीय ना?"

"हो."

"चांगलं आहे की वाईट?"

ग्लेन माझ्याकडे बघत होता. गुरुवारी सकाळी आठनंतर उमेदवाराला निकाल सांगायला कसलीच आडकाठी नसते. पण मी जमिनीवर बसले आणि पाकीट झडपेतून आत सरकवलं. "तूच वाच," मी म्हटलं.

पाकीट फाटल्याचा आवाज आला. मग साखळी निघाली आणि दार उघडलं. ती अनवाणी उभी होती, कागद हातात, चेहरा धुतलेला नव्हता.

"गणित सहा," ती म्हणाली. "ते माहीतच होतं." कागदाकडे पुन्हा पाहिलं. "चार."

"चार," ग्लेन म्हणाला.

"तुमची ती परीक्षा झाली, मिस? तुम्हाला पण होती ना?"

"झाली."

"किती?"

"विसात एकोणीस."

"कुठलं चुकलं?"

"वेळ संपल्यावर अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायचं का, हा प्रश्न."

"नाही करायचं," टेगन म्हणाली. "सोप्पं होतं, मिस."

"बूट घाल," ग्लेन म्हणाला. "बारा वाजायला पस्तीस मिनिटं आहेत."

डेपोच्या रिसेप्शनवर आम्ही बाराला सात मिनिटं कमी असताना पोचलो. काउंटरमागच्या बाईंनी निकालाचा कागद घेतला, झेरॉक्स काढली, मूळ कागद परत दिला. यादीत टेगनच्या नावापुढे टिक केली. मग एक फॉर्म पुढे ओढला.

"सेफ्टी बूट द्यावे लागतात. साइज?"

"साडेपाच."

बाईंनी सहा लिहिलं. त्या सगळ्यांचं असंच करत असाव्यात. अर्ध्या मापाचे बूट मागवायला बहुधा वेळ लागतो.

टेगन काउंटरवर जरा पुढे वाकली आणि फॉर्मवर बोट ठेवलं. "साडेपाच म्हणाले मी."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, सहा खोडलं आणि शेजारी साडेपाच लिहिलं. टेगननं ते वाचून पाहिलं आणि मग सही केली.